उन्हात वाळवलेली घंटा

आमच्या घरी दसऱ्याआधी गाद्या-उशा गच्चीवर निघाल्या, की बायको जिन्यातून हमखास विचारते, "चिपा पण घालायच्या का हो वाळत?" मग मुलं हसतात, मीही हसतो, आणि घरात कुणी पाहुणा असेल तर त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. जावई नवा असताना त्याला बिचाऱ्याला वाटलं, आमच्यात बटाट्याच्या करतात. तो बाही वर करून बटाटे सोलायला निघाला होता. तेव्हा म्हटलं, एकदाचं लिहून ठेवलेलं बरं. मी आयुष्यात चार इलेक्ट्रॉनिक चिपा सुपात घालून सहा दिवस उन्हात वाळवल्या आहेत. तेव्हा माझ्याकडे इंजिनियरिंगची पदवी होती, आणि ती मी फ्रेम करून भिंतीवर लावलेली होती.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी मूळचा रहिमतपूरचा. पुण्यात एका कारखान्यात दीड वर्ष काढून सांगलीजवळ कुपवाडला आलो होतो, ते अण्णांच्या शेडमध्ये. अण्णांच्या घरी पिढ्यान् पिढ्या हळदीचा व्यापार, पण ते स्वतः पंपाच्या मोटारींचे स्टार्टर बनवायचे. मुंबईच्या एका प्रदर्शनात त्यांनी स्वतःच्या डोक्यानं चालणारं यंत्र पाहिलं आणि सांगलीतही असं काही व्हावं असं त्यांच्या मनानं घेतलं. ते डोकं म्हणजे मी. शेडच्या खिडकीजवळचं एक लांब टेबल त्यांनी मला दिलं. बाकी सगळ्या शेडमध्ये ग्रीस आणि लोखंडाचा कीस, आणि माझ्या टेबलावर तेवढा पांढरा सनमायका. तिथं बसलो की मला उगीचच आपण डॉक्टर असल्यासारखं वाटायचं.

पहिलं काम आलं पाचगणीच्या एका निवासी शाळेचं. त्यांना आपोआप वाजणारी घंटा हवी होती. उठायची, प्रार्थनेची, नाश्त्याची, तासांची, शनिवारी अर्ध्या दिवसाची, सगळी वेळापत्रकाप्रमाणे. वेळापत्रक एका चिपमध्ये भरायचं, ते कसं पाळायचं याचे हुकूम दुसऱ्या चिपमध्ये. दसऱ्याची सुट्टी संपून शाळा उघडेल त्या सोमवारी सकाळी साडेसहाला घंटा वाजली पाहिजे, असं ठरलं. अण्णांनी मला एकदाच आणि स्पष्ट सांगून टाकलं होतं. त्यांना नवा लेथ घ्यायचा होता आणि शेडमध्ये जागा नव्हती. घंटा वाजली तर टेबल माझं. नाही वाजली तर टेबल उचलायचं आणि तिथं लेथ बसवायचा. टेबल उचललं म्हणजे मीही उचललो जाणार, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. ते भल्या घरचे होते.

माझ्या हाताखाली सुभेदार होते. हाताखाली हा शब्द नोकरीच्या कागदापुरता. वयानं ते माझ्या वडिलांएवढे. सातारा जिल्ह्यातल्या एका फौजी गावचे, लष्कराच्या सिग्नल दलात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांच्या हातचा डाग, म्हणजे सोल्डरिंगचा ठिपका, मोत्यासारखा गोल असायचा. माझा कुणीतरी थुंकल्यासारखा दिसायचा.

पहिल्या दिवशी मी पुण्याहून आणलेले शब्द त्यांच्यापुढे मांडले. ब्लँक चेक, प्रोग्रॅम, व्हेरिफाय, चेकसम, इरेज. एकेक शब्द मी थोडा थांबून उच्चारला, म्हणजे वजन पडावं. सुभेदारांनी ते ऐकून घेतले आणि विचारलं, चेक आणि व्हेरिफाय यात फरक काय? मी म्हटलं, चेक म्हणजे तपासणं आणि व्हेरिफाय म्हणजे... तपासणं. ते माझ्याकडे बघत राहिले.

"साहेब, आमच्यात एका कामाला एकच शब्द असायचा. दोन शब्द झालं, की रात्रीच्याला दोन माणसं दोन दिशांना जात्यात."

मग आम्ही दोन दिवस नुसते शब्द ठरवत बसलो. अण्णा येता-जाता बघून जायचे. पण खरं सांगायचं तर त्या दोन दिवसांत मला माझं काम पहिल्यांदा कळलं. चिपमध्ये आकडे ठेवायची हजारभर घरं असतात. मी घरी बनवलेल्या खोक्यात चिप बसवली, की एकेका घरासाठी आठ छोटे दिवे दिसायचे. कोऱ्या चिपच्या प्रत्येक घरात आठही दिवे लागलेले. भरणं म्हणजे त्यातले हवे तेवढे विझवणं. एकदा विझलेला दिवा एकटा परत लावता येत नाही. अख्खी चिप पुसावी लागते, तेव्हा सगळे एकदम लागतात. जळून कायमच्या तुटणाऱ्या तारांच्या चिपाही मिळायच्या, पण एक चूक झाली की त्या फेकून द्यायच्या. माझा स्वभाव मला माहीत होता. म्हणून पुसता येणाऱ्याच मागवल्या होत्या, पुसायच्या कशानं याचा विचार न करता.

सुभेदारांनी एका पुठ्ठ्यावर फौजी अक्षरात सगळं उतरवलं आणि पुठ्ठा टेबलामागच्या भिंतीवर लावला. कोरी बघणं. भरणं. ताडणं, म्हणजे प्रत्येक घर मूळ कागदाशी जुळवणं. बेरीज, म्हणजे सगळ्या घरांचे आकडे मिळवून येणारा एक आकडा, तो वहीत लिहायचा. चिप बदलली की बेरीज बदलते. शेवटी झाकणं. प्रत्येक शब्दापुढे त्यांनी एक रकाना आखला होता, त्याचं नाव "का". ते विचारायचे, मी सांगायचो, ते लिहायचे.

झाकण्याचा मुद्दा असा, की या चिपेच्या पाठीवर एक गोल काचेची खिडकी असते. पुण्यात आम्ही त्यावर कागद चिकटवायचो. चिपा पुसायचं काम तिथं दुसरीकडेच व्हायचं, निळ्या दिव्याच्या एका बंद पेटीत, आणि ती पेटी मी लांबूनच पाहिलेली. सुभेदारांनी विचारलं, झाकायचं का? मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, धुळीसाठी. त्यांनी "धूळ" असं लिहिलं. इतक्या आत्मविश्वासानं मी नंतर लग्नातसुद्धा हो म्हटलेलं नाही.

पावसाळ्यात आम्ही चार चिपा भरल्या. दोन यंत्रात बसवायच्या, दोन जादा. मी आकडे वाचायचे, सुभेदारांनी खोक्यावरचे खटके पाडायचे. मग ताडलं, बेरीज वहीत गेली, खिडकीवर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद खळीनं चिकटवून झाकलं, आणि चिपा डब्यात ठेवल्या. पुढे दोन महिने यंत्राचा बाकीचा सांगाडा करण्यात गेले.

पितृपंधरवड्यात मी घरी रहिमतपूरला गेलो. पाऊस उघडला होता आणि आईनं अंगणात सगळं घर काढलं होतं. ज्वारी, वाकळा, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, माझी शाळेची प्रमाणपत्रंसुद्धा दगड ठेवून उन्हात मांडलेली. दमट धरलं की ऊन दाखवायचं, हे आमच्याकडे लहानपणापासून अंगात मुरलेलं. मी कुपवाडला परतलो, डबा उघडला, तर खळीला बुरशी आलेली, चंदेरी कागद कुरतडलेले आणि चिपांचे पाय काळवंडलेले. माझ्यातला इंजिनियर काही बोलायच्या आत माझ्यातला आईचा मुलगा उठला. सुभेदार तेव्हा आठवडाभर गावी गेले होते. मी कागद सोलून काढले, खिडक्या फडक्यानं पुसल्या, शेडमागेच अण्णांचं घर होतं तिथून एक सूप मागून आणलं, त्यात चिपा नीट ओळीनं मांडल्या आणि शेडच्या गच्चीवर ठेवल्या. रोज सकाळी ठेवायचो, संध्याकाळी आत घ्यायचो. सहा दिवस. आश्विनातलं ऊन, चटका बसणारं. चिपा कशा खडखडीत झाल्या होत्या. मी त्यांच्यावर खूश होतो.

सातव्या दिवशी सुभेदार आले. नवे चंदेरी कागद लावले, यंत्र जोडलं आणि शाळेची मोठी विजेची घंटा भिंतीला ठोकून आम्ही चाचणी सुरू केली. साडेसहाची घंटा पावणेआठला वाजली. नाश्त्याची वाजलीच नाही. आणि अण्णा दारात एका बागायतदाराशी बोलत असताना ती जी सुरू झाली ती थांबेचना. बागायतदार आपला स्टार्टर काखेत मारून रस्त्यावर गेला. त्याला वाटलं, आग लागली.

शाळा उघडायला आठ दिवस होते.

मी आधी ट्रान्सफॉर्मरला दोष दिला. मग कुपवाडच्या विजेला. मग, हे लिहितानाही कान तापतात, मी सुभेदारांच्या डागांना दोष दिला.  त्यांनी यंत्रातून चिप काढली, खोक्यात बसवली, बेरीज पाहिली आणि वही उघडून माझ्यापुढे ठेवली. दोन आकडे वेगळे होते. मग त्यांनी एकेक घर ताडायला घेतलं. जिथं विझलेला हवा तिथं दिवा लागलेला. काही ठिकाणी तर तो धड लागलेलाही नाही, विझलेलाही नाही, लुकलुकत होता.

"भरली तवा बेरीज बरुबर व्हती, सही तुमचीच हाय," ते म्हणाले. "मधी काय झालं, तेवढं सांगा."

"काही नाही," मी म्हणालो. "फक्त ऊन दाखवलं."

सुभेदारांनी टेबलाच्या खणातून चिपेबरोबर आलेलं इंग्रजी पत्रक काढलं. मी त्याचं पहिलं पान वाचलं होतं. पुढची पानं कंटाळवाणी दिसली म्हणून ठेवून दिली होती. त्यांनी शेवटच्या पानावर बोट ठेवून सावकाश एकेक शब्द वाचला. खिडकीतून सूर्यप्रकाश थेट पडत राहिला, तर साधारण आठवड्याभरात चिप पुसली जाते. खिडकी झाकून ठेवावी.

 मला माझं सगळं भवितव्य गच्चीवरच्या त्या सुपात दिसत होतं. जिल्ह्यात पुसायचा निळा दिवा कुठे असेल तर मला माहीत नव्हता, आणि पुण्याच्या जुन्या कारखान्यात हे तोंड घेऊन जायची हिंमत नव्हती. मुंबईहून नव्या चिपा यायला महिना लागायचा. आणि तेवढ्यात एक वाईट विचार माझ्या मनात आला, तोही सांगतो. अण्णांना म्हणावं, मालच खराब निघाला. त्यांना काय कळणार होतं? मी तोंड उघडायच्या बेतात होतो, तेवढ्यात सुभेदारांनी वही फिरवून माझ्याकडे केली. "बिघाडाचं कारण" या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: साहेबांनी ऊन दाखवलं. खाली सहीसाठी जागा सोडली होती.

"सही कशाला आता?" मी विचारलं.

"कारण लिवलं न्हाई, तर फुडच्या पावसाळ्यात आपणच परत वाळत घालू. माझं नाव घालायचं आसंल तर घाला. 'धूळ' म्या लिवलीया."

मी सही केली. वही घेऊन अण्णांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. पदवीचा उल्लेख मुद्दाम टाळला. अण्णा ओरडतील असं वाटलं होतं. ते हातातली पकड खाली ठेवून शांतपणे उठले आणि म्हणाले, "किती वाळल्यात?"

मला प्रश्न कळला नाही. त्यांनी परत विचारलं, "पुसायच्याच हायत न्हवं परत? मग किती पुसल्यात, किती राहिल्यात?"

खरंच की. अर्धवट पुसलेली चिप काही कामाची नव्हती, पण पूर्ण पुसलेली नव्यासारखीच. आणि सहा दिवसांचं पुसायचं काम उन्हानं फुकटात करून ठेवलं होतं. सुभेदारांनी चारही चिपांची "कोरी बघणं" केली. जिथं आठही दिवे लागत नव्हते, अशी घरं मोजून वहीत लिहिली. कुठे दोनशेच्या वर, कुठे साठ. मला अभिमान वाटायचं काही कारण नव्हतं, तरी थोडासा वाटला.

अण्णा आमच्याबरोबर गच्चीवर आले. त्यांनी सूप पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "हळद आशी वाळवतंय व्हय कोण? दुपारनं हितं टाकीची सावली येती. आणि ऊन तिरकं हाय, तुमी आडव्या मांडल्यात." त्यांनी एक फळी आणवली, सूर्याकडे तोंड करून तिरकी टेकवली, दर दोन तासांनी तिचं तोंड वळवायला सांगितलं आणि खिडक्यांवर माझ्या बोटांचे ठसे होते ते स्पिरिटनं पुसायला लावले. चार पिढ्यांचं हळदीचं ज्ञान त्या चार चिपांच्या मागे उभं राहिलं. जिना उतरताना मात्र ते म्हणाले, "लेथ शनवारी येतोय. कुठं बसवायचा ते तुमची घंटा सांगंल."

पुढचे चार दिवस मी आणि सुभेदार आळीपाळीनं फळी वळवत होतो. रोज दुपारी चिपा खाली आणायच्या, कोऱ्या बघायच्या, उरलेली घरं लिहायची. साठाची चाळीस झाली, चाळिसाची अकरा. शेडमधले कामगार जेवायच्या सुट्टीत डबा घेऊन टेबलाशी यायला लागले. आधी त्यांना माझ्या टेबलाशी काही देणंघेणं नसायचं. आता ते एकमेकांना विचारायचे, आज किती राहिली रं? कुणीतरी दुसऱ्या नंबरच्या चिपेवर चहाची पैज लावली होती.

बुधवारी ढग आले. मी गच्चीवर उभा राहून आभाळाकडे असा बघत होतो, की खालून जाणाऱ्या एका सायकलवाल्यानं थांबून वर पाहिलं, विमान दिसतंय का म्हणून. परतीचा पाऊस कुपवाडला थोबाडीत मारून मिरजेकडे निघून गेला. तो दिवस वाया गेला. गुरुवारी लख्ख ऊन पडलं. शुक्रवारी दुपारी दुसऱ्या आणि चौथ्या चिपेतल्या प्रत्येक घरात आठच्या आठ दिवे लागले. तिसरीत एकच घर लुकलुकत राहिलं होतं, आणि पहिली तर पहिल्यापासूनच माझ्यासारखी मंद होती.

आम्हाला दोनच हव्या होत्या. मी लगेच भरायला घेणार, तर सुभेदारांनी हात धरला. काठावर पुसलेलं उद्या परत उमटंल, अजून पाच वाजेस्तवर ऊन खाऊ दे, म्हणाले. पत्रकातही तसंच काहीतरी होतं. या वेळी मी शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं.

शनिवारी सकाळपासून भरायला बसलो. मी आकडे वाचत होतो, सुभेदार खटके पाडत होते, आणि बाहेर ट्रकमधून लेथ उतरत होता. साखळीचा आवाज आला की माझा आकडा चुकायचा आणि सुभेदार न बघता म्हणायचे, मागचा परत सांगा. संध्याकाळपर्यंत दोन्ही चिपा भरल्या, ताडल्या. बेरीज आली ती पावसाळ्यातल्या बेरजेशी जुळली. आकडा तोच. मी तो तीनदा वाचला. खिडक्यांवर चंदेरी कागद, त्यावर काळी चिकटपट्टी, असं दुहेरी झाकलं. बाहेर लेथ दारात गोणपाट पांघरून बसला होता, सोयरीक जमते का बघायला आलेल्या पाहुण्यासारखा.

रविवारी एसटीनं साताऱ्यावरून वाई, मग घाट. यंत्र माझ्या मांडीवर. पत्र्याची बंद पेटी, आत झाकलेल्या चिपा, तरीही खिडकीतून ऊन आलं की सुभेदार आपला टॉवेल तिच्यावर पसरायचे. मी म्हटलं, सुभेदार, पत्र्यातून ऊन जात नाही. ते म्हणाले, "धुळीनं बी काय व्हत नव्हतं." त्यानंतर पाचगणीपर्यंत मी टॉवेल धरून बसलो.

सोमवारी पहाटे धुकं होतं. आम्ही शाळेच्या व्हरांड्यात यंत्रापुढे उभे. शाळेचे वॉर्डन शाल गुंडाळून आले होते, हातात जुनी पितळी घंटा आणि लाकडी ठोका घेऊन. विश्वास नव्हता असं नाही, पण असू दे जवळ, असं म्हणाले. सुभेदारांनी मनगटावरचं फौजी घड्याळ पुढे धरलं. सहा एकोणतीस. मला त्या मिनिटात आई आठवली, टेबल आठवलं, लुकलुकणारं ते एक घर आठवलं.

घंटा वाजली. वीस सेकंद, बरोबर ठरल्याएवढी. मग थांबली. धुक्यात तिचा आवाज बराच वेळ राहिला.

मूल मात्र एकही उठलं नाही. वॉर्डन आमच्याकडे बघायला लागले. सुभेदार म्हणाले, "घंटेचं काम घंटेनं केलं. उठायचं त्यात भरल्यालं न्हाई."

त्या दिवशीच्या सगळ्या घंटा वाजेपर्यंत आम्ही हललो नाही. एक वाजली म्हणजे सगळं जुळलं असं होत नाही, ताडणं म्हणजे प्रत्येक घर, हे आता मला कुणी सांगायला नको होतं. संध्याकाळच्या शेवटच्या घंटेला सुभेदारांनी वहीत खूण केली आणि मगच चहा मागितला.

मंगळवारी दुपारी शेडवर पोचलो. दारातला लेथ दिसेना.  अण्णांना निरोप गेला होता की नाही, कुणास ठाऊक. आत गेलो. टेबल खिडकीजवळ होतं तिथंच होतं, सनमायका कुणीतरी पुसून ठेवला होता. लेथ बसवला होता तो कोपऱ्यात, जिथं इतकी वर्षं अण्णांचं स्वतःचं मेज आणि खुर्ची होती. अण्णा स्टार्टरच्या एका खोक्यावर बसून कागद बघत होते.

"वॉर्डनसाहेबांचा फोन आला हुता," ते मान वर न करता म्हणाले. "आनखी एका शाळेला पायजे म्हणत्यात." थोड्या वेळानं म्हणाले, "सूप तेवढं घरात नेऊन द्या. बाई रोज इचारत्यात."

मी सूप काढेपर्यंत सुभेदार भिंतीवरच्या पुठ्ठ्यापाशी गेले होते. त्यांनी "धूळ" या शब्दावर एक सरळ रेघ मारली, पुढे "ऊन" लिहिलं, आणि पेन माझ्या हातात दिलं, सहीसाठी.